अण्णा भाऊंची जयंती, आणि अण्णा भाऊंनाच बंदी!

परवा १ ऑगस्ट. लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांची जयंती. गावात फ्लेक्स चढायला लागलेत. वरच्या कोपऱ्यात अण्णा भाऊंचा पासपोर्ट साईज फोटो आणि खाली नेतेमंडळी पूर्ण उंचीची, हात जोडून. बैठका झाल्या, वर्गणी झाली, डॉल्बी ठरला, लाईट ठरली, गुलालाची पोती आली.

एक गोष्ट वर्षभर मनात घेऊन फिरतोय. ती आज लिहून टाकतो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा. राग आला तर माझ्यावर काढा, त्या पोरांवर नको.

गेल्या वर्षीची जयंती. मिरवणुकीच्या बातमीसाठी मी फिरत होतो. आमच्या भागातल्या एका चौकात संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला आठ-नऊ पोरं-पोरी गोल करून उभी होती. त्यातले तिघं मागावर काम करणारे, एक कांडीवाला, एक पोरगी मेंडिंगला जाणारी, बाकीची कॉलेजची. सामान काय, तर एक डफ, एक घागर आणि पुठ्ठ्याचा मोठा नळ. पथनाट्य सुरू झालं.

गोष्ट साधी होती. रात्रपाळी करून कामगार सकाळी घरी येतो. बारा तास उभं राहून पाय सुजलेत, पण झोपायचं नाही, कारण आज पाणी येणार आहे. कधी येणार ते कुणालाच ठाऊक नाही. तो घागर धरून बसतो. तेवढ्यात एक पुढारी येतो, पुठ्ठ्याच्या नळाला हार घालतो, नारळ फोडतो आणि म्हणतो, "वारणेचं पाणी आणलं!" टाळ्या. नळ कोरडाच. दुसरा येतो, त्याच नळाला हार घालतो, "दूधगंगेचं पाणी आणलं!" टाळ्या. नळ कोरडाच. लोक हसत होते. शेजारच्या टपरीवरची माणसं चहाचे ग्लास हातात घेऊन पुढं सरकली. एक म्हातारी खाली बसून डोळ्याला पदर लावून हसत होती. तिसऱ्या हाराच्या वेळी नाटकातला कामगार बसल्या जागी झोपतो, आणि त्याच झोपेत त्याला परत मागावर उभं राहायचं असतं. हसणारी माणसं गप्प झाली. तिथनं पुढं काय होणार होतं ते मला माहीत नाही.

कारण सातव्या-आठव्या मिनिटाला मिरवणुकीतले दोघं-तिघं आले आणि त्यांनी नाटक थांबवलं. दमदाटी वगैरे केली नाही, उलट समजावूनच सांगितलं. "आज अण्णांची जयंती आहे. आजच्या दिवशी राजकारण नको. कला करायची तर कला करा की, चळवळ कशाला करताय?"

पोरांनी डफ पिशवीत घातला. पाच मिनिटांत तिथं डॉल्बी आला.

आता माझं पाप सांगतो. मी ऑफिसला गेलो. सहा ओळींची बातमी लिहिली, "पथनाट्य थांबवले". मग पानाकडं बघितलं. पानभर जयंतीच्या शुभेच्छांच्या जाहिराती, सगळ्या ओळखीच्या माणसांच्या. कुणी मला सांगितलं नाही, कुणाचा फोन आला नाही. मीच ती बातमी काढली. जागा नाही असं स्वतःला सांगितलं. तिथं मिरवणुकीतल्या हत्तीच्या देखाव्याचा फोटो लागला.

म्हणजे "कला करा, चळवळ करू नका" म्हणणाऱ्यांत मीपण एक आहे. तेव्हा पुढचं सगळं स्वतःला धरून लिहितोय.

मला प्रश्न एवढाच पडलाय. ज्या माणसाच्या जयंतीला ते नाटक थांबवलं, तो माणूस आयुष्यभर दुसरं काय करत होता?

थोडी उजळणी करू. शाळेच्या पुस्तकात आपल्याला 'दीड दिवस शाळेत गेलेला थोर साहित्यिक' एवढंच सांगितलंय, बाकीचं गाळून.

वाटेगाव. वाळवा तालुका. आपल्या इथनं गाडीनं दीड-दोन तास. १ ऑगस्ट १९२० चा जन्म. मूळ नाव तुकाराम. मांग समाजातलं घर, गुन्हेगार जमातीचा शिक्का मारलेलं. १९३० नंतरच्या वर्षांत सगळं कुटुंब चालत मुंबईला गेलं. चालत! तिथं पोरानं कोळसा वेचला, हमाली केली, गिरणीत काम केलं. गिरणीत गेला म्हणून संप बघितला, संप बघितला म्हणून लाल बावट्याखाली आला, आणि तिथं त्याच्या हातात डफ आला. हा क्रम लक्षात ठेवा. आधी मोठा कलाकार झाला आणि मग फावल्या वेळात समाजकार्य केलं, असं झालेलं नाही. चळवळीनंच त्याला कलाकार केलं.

१९४३ साली त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. या कलापथकाचा प्रेक्षक कोण? गिरणीची पाळी सुटलेला कामगार. रंगमंच कुठला? चाळीपुढची मोकळी जागा, कामगार मैदान, गावाकडं गेलं की पारावरची फळी. विषय? बंगालचा दुष्काळ. अमळनेरला कामगारांवर झालेला गोळीबार. फाळणीच्या दंगली. मुंबईतली श्रीमंती आणि त्याच मुंबईतली झोपडी. म्हणजे त्या-त्या वेळची ताजी बातमी. आम्ही पत्रकार जी छापायला घाबरत होतो ती हा माणूस डफावर गात होता.

आणि मग बंदी आली. अश्लीलतेचं कारण देऊन त्या वेळच्या मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, लाल बावट्याच्या कार्यक्रमांनाही आडकाठी झाली. तेव्हा अण्णा भाऊ घरी बसले नाहीत. तमाशातलं जे सरकारला खुपत होतं ते काढलं आणि जे आणखी खुपणार होतं ते घातलं. गणातनं गणपतीऐवजी मातृभूमीला, हुतात्म्यांना, कष्टकऱ्यांना वंदन केलं. गवळण काढूनच टाकली. वग ठेवला आणि त्या वगाला नाव दिलं लोकनाट्य. आज आपण नाट्यगृहात एसीत बसून 'लोकनाट्याची उज्ज्वल परंपरा' म्हणतो ना, ती बंदीच्या पोटातनं जन्मलेली आहे.

त्यांच्या लोकनाट्यांची नावं बघा. 'देशभक्त घोटाळे'. 'शेटजींचं इलेक्शन'. 'लोकमंत्र्यांचा दौरा'. 'पुढारी मिळाला'. 'मूक मिरवणूक'. आता मनाशी विचार करा. उद्या इचलकरंजीत कुणी परवानगीचा अर्ज घेऊन गेलं आणि कार्यक्रमाचं नाव लिहिलं 'शेटजींचं इलेक्शन', तर टेबलापलीकडचा माणूस वर बघून पहिला प्रश्न काय विचारेल? "कुठला शेट?" आणि मंत्री गावात यायच्या आठवड्यात 'लोकमंत्र्यांचा दौरा' लावायचं म्हटलं तर? परवानगी सोडा, चार दिवस पोरांना घरात झोपायला मिळणार नाही.

'मूक मिरवणूक' या नावाचं नाटक लिहिणाऱ्या माणसाच्या मिरवणुकीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. यावर मी वेगळं काय लिहू?

पण इथं थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण खाली लगेच "बरोबर आहे, बंद करा हे डॉल्बी" म्हणणारे येणार. त्यांच्यासाठी ही पोस्ट नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या मधल्या रस्त्यानं चालायची सोय नव्हती, तो वर्षातनं एक दिवस मधल्या रस्त्यावर नाचतो, त्याला एक अर्थ आहे. गणपतीला पहाटेपर्यंत ज्यांचे कान दुखत नाहीत आणि १ ऑगस्टला संध्याकाळी सातलाच दुखायला लागतात, त्यांनी आधी कान तपासावेत. माझं भांडण मिरवणुकीशी नाही. त्या मिरवणुकीत डॉल्बीला जागा आहे, हत्तीच्या देखाव्याला जागा आहे, ज्यांनी अण्णा भाऊंची एक ओळ वाचलेली नाही अशा पाहुण्यांच्या सत्काराला जागा आहे, आणि अण्णा भाऊ करत होते त्या कामाला तेवढी वीस मिनिटं जागा नाही, याच्याशी भांडण आहे.

आता गावाविषयी.

कलेचं गाव म्हणून आपण छाती फुगवतो आणि ते खोटं नाही. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजवली आणि या गावाचं नावच आडनावासारखं लावलं, इचलकरंजीकर. श्रीमंत नारायणराव घोरपड्यांच्या आश्रयाच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतोय. १९७४ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, पन्नासावं, इथं झालं, अध्यक्ष पु. ल. देशपांडे. जुनी माणसं अजून त्या दिवसांविषयी डोळे मिटून बोलतात.

पण याच गावाची दुसरी बाजू घ्या. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला. त्या एका मागाचं पुढं काय झालं ते आपण रोज ऐकतो, कारण खटखट थांबली तरच आपल्याला दचकायला होतं. कर्नाटकातनं, मराठवाड्यातनं, उत्तर प्रदेश-बिहारातनं माणसं आली. पीक मोजून मजुरी, बारा-बारा तासांची पाळी. २०१३ चा यंत्रमाग कामगारांचा संप आठवा. २०१५ चा सायझिंग कामगारांचा आठवा. २०१२ च्या काविळीच्या साथीत किती घरांतली माणसं गेली ते आठवा. पंचगंगेचा रंग आठवा, आठवायची पण गरज नाही, पुलावर जाऊन बघा.

आता सांगा, यातल्या एका तरी गोष्टीवर या गावानं मोठं नाटक केलं? शंभर वर्षांहून जास्त काळ माग चालतोय, पण मागावरच्या माणसाची या गावाच्या रंगमंचावर किती वेळा गाठ पडली? मलाबादे चौकातनं रोज ये-जा करणाऱ्या किती पोरांना कॉम्रेड मलाबादे कोण होते हे सांगता येईल? आचार्य शांताराम गरुडांनी १९७७ साली इथं समाजवादी प्रबोधिनी काढली, विचाराचं काम नेटानं उभं केलं. अशी माणसं होती आणि आहेत. पण गाव म्हणून आपण काय केलं? राजवाड्यातल्या गाण्याचा वारसा मिरवला. मागाच्या शेडमधलं गाणं अंगावर नको म्हणून बाजूला सारलं.

आता तीन आक्षेप. तिन्ही मला तोंडावर ऐकवलेले आहेत.

पहिला: "चळवळीत शिरली की कलेची माती होते. नुसत्या घोषणा उरतात."

यात तथ्य आहे. मी अशी पथनाट्यं बघितलीत की तिसऱ्या मिनिटाला पाय आपोआप घराकडं वळतात. काळा कोट म्हणजे वाईट माणूस, फाटका सदरा म्हणजे चांगला माणूस, शेवटी मूठ वर. पण वाईट नाटक वाईट असतं ते लिहिणारा कच्चा असतो म्हणून. नुसत्या करमणुकीची रद्दी नाटकं काय कमी बघितलीत आपण? त्यावरनं कुणी "करमणूक केली की कलेची माती होते" म्हणत नाही.

आणि उलटा पुरावा अण्णा भाऊंनीच देऊन ठेवलाय. 'माझी मैना गावावर राहिली' घ्या. गावाकडं बायको राहिली आणि नवरा पोटासाठी मुंबईला गेला, त्याच्या जिवाची तगमग. कुठल्याही परमुलखातल्या कामगाराच्या काळजाला हात घालणारी. आणि त्याच मैनेत संयुक्त महाराष्ट्रातनं बाहेर राहिलेल्या मुलखाचं दुःख मिसळलंय. इथनं निपाणी किती लांब आहे? त्या लावणीचा अर्थ आपल्याइतका कुणाला कळणार? अजून सीमाभागात पोरी दिलेली घरं आहेत आपल्यात. विरहाचं गाणं आणि आंदोलनाचं गाणं अशा दोन वेगळ्या फायली त्यांनी ठेवल्या नाहीत, म्हणून ते गाणं अजून जिवंत आहे. 'फकिरा' १९५९ ची. बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. भुकेल्या माणसांसाठी इंग्रजी सत्तेशी भिडणाऱ्या फकिराची गोष्ट. १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. चळवळीनं मातीच केली असती तर सरकारनं पुरस्कार कशाला दिला?

दुसरा आक्षेप: "कलाकारानं प्रबोधन करावं, पण विधायक. कुणाला दुखवायचं कशाला?"

विधायक म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. कलापथकं आजही आहेत. सरकारच्या यादीत आहेत. योजनांची माहिती द्या, स्वच्छता सांगा, मतदान करा म्हणा, कार्यक्रम झाला की बिल सादर करा. त्या कलाकारांविषयी माझी तक्रार नाही. पोट आहे, आणि कोरोनात त्यांचे काय हाल झाले ते मी जवळनं बघितलंय. पण गंमत बघा. तोच डफ, तेच झिलकरी, तीच चाल. "पाणी जपून वापरा" म्हणून गायलं की ते प्रबोधन. "पाणी येत का नाही?" म्हणून गायलं की ते राजकारण. लोकांना दोष देणारी कला विधायक आणि लोकांच्या वतीनं जाब विचारणारी कला विघातक. हा न्याय कुणी ठरवला?

ज्यांना पाण्याविषयी जाब विचारायचा तेच तर पाण्यावर राजकारण करून निवडून येतात! वारणेचं पाणी म्हटलं की दानोळीत विरोध, दूधगंगेचं म्हटलं की सुळकूडला विरोध. तिथल्या शेतकऱ्याचीही बाजू आहे, तोही काही दुश्मन नाही. या सगळ्यावर वर्षानुवर्षं भाषणं झाली, मोर्चे झाले, बंद झाले, निवडणुका झाल्या. त्यात फक्त एका पुठ्ठ्याच्या नळानं राजकारण केलं म्हणे! 'वारणेचा वाघ' लिहिणाऱ्याच्या जयंतीला वारणेच्या पाण्याचं नाव घेतलं तर बिघडलं कुठं?

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे, आणि तो आया घेतात. "आमच्या पोरानं ढोल वाजवावा, डफ नको. नसत्या भानगडीत अडकंल."

याला मी हसत नाही. ही भीती हवेतनं आलेली नाही. पुण्याच्या कबीर कला मंचाची गाणी आपल्या भागातल्याही पोरांच्या मोबाईलवर आहेत. त्यातले शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ ला विधानभवनासमोर पोलिसांपुढं हजर झाले. शीतल तेव्हा गरोदर होती, तिला त्या जूनमध्ये जामीन मिळाला. सचिन माळीला सुप्रीम कोर्टाकडनं जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडला. खटल्याचं खरं-खोटं कोर्ट बघेल. पण जवळपास चार वर्षं. आई घाबरणार नाही तर काय करणार?

आणि त्याच्याही आधीचं एक सांगतो, कारण ते अगदी आपल्यासारख्या गावातलं आहे. दिल्लीजवळ गाझियाबादला साहिबाबाद नावाची कारखान्यांची वस्ती आहे. १ जानेवारी १९८९. नगरपालिकेच्या निवडणुकीचे दिवस. सफदर हाश्मी नावाचा ३४ वर्षांचा नाटकवाला कामगारांच्या मजुरीच्या प्रश्नावर रस्त्यात नाटक करत होता, 'हल्ला बोल'. ते चालू असताना हल्ला झाला. एक कामगार जागीच गेला, सफदर दुसऱ्या दिवशी गेला. ४ जानेवारीला त्याची बायको मलयश्री बाकीच्या कलाकारांना घेऊन त्याच जागी परत गेली आणि अर्धं राहिलेलं नाटक पूर्ण करून आली. गुन्हेगारांना शिक्षा व्हायला २००३ उजाडलं.

हे मी पोरांना घाबरवायला सांगत नाही. त्यांच्यावर कुणी हात उचलला नाही. इथं अजून माणुसकी आहे, समजावून सांगितलं जातं. पण नाटक अर्ध्यात थांबणं हे दोन्हीकडं सारखंच. तिथं चौथ्या दिवशी ते पूर्ण झालं. आपल्याकडं वर्ष झालं.

भीतीवर उपाय एकच असतो, बाजूला चार माणसं उभी राहणं. अण्णा भाऊंच्या कलापथकामागं गिरणगाव उभं होतं. आपल्या आठ-नऊ पोरांमागं कोण होतं? मी होतो, हातात मोबाईल घेऊन, बातमी करणारा आणि नंतर ती काढून टाकणारा.

आता जरा कडू बोलतो. जिवंतपणी या माणसाला आपण, म्हणजे महाराष्ट्रानं, काय दिलं? चिरागनगरची झोपडी. १८ जुलै १९६९ ला गेले तेव्हा पन्नाशीही पूर्ण नव्हती. गरिबीत गेले, एकटे पडून गेले. ज्या लाल बावट्यासाठी ते राबले त्यांनीही शेवटच्या वर्षांत त्यांच्याकडं पुरेसं बघितलं नाही, हे डाव्या मित्रांनी रागावू नये, मान्य करावं. आणि मेल्यानंतर? २००२ साली टपालाचं तिकीट निघालं. २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला, फार आनंद झाला. त्यांच्या नावाचं विकास महामंडळ झालं, आणि त्या महामंडळाच्या पैशांतल्या घोटाळ्याच्या आरोपावरनं २०१५ साली महामंडळाच्या माजी अध्यक्षाला, आमदार असताना, अटक झाली. 'देशभक्त घोटाळे' लिहिणाऱ्याच्या नावाच्या महामंडळात घोटाळ्याचा आरोप! अण्णा भाऊ असते तर दुसऱ्या दिवशी यावर वग उभा राहिला असता. आणि आपण तिसऱ्या दिवशी तो थांबवला असता, "अण्णांच्या नावाची बदनामी नको" म्हणून.

पुतळा गैरसोयीचं बोलत नाही, म्हणून तो सगळ्यांना परवडतो. डफ परवडत नाही.

नुसती टीका करून थांबणं ही आम्हा पत्रकारांची खोड. म्हणून चार मागण्या लिहितो. जमतील तेवढ्या करू.

एक. जयंती मंडळांना विनंती. परवाच्या मिरवणुकीआधी अर्धा तास स्टेज द्या. पाहुण्यांच्या सत्काराची पहिली अर्धी यादी कापली की तेवढा वेळ निघतो. त्या अर्ध्या तासात अण्णा भाऊंचं काहीतरी करा, नाहीतर अण्णा भाऊ आज असते तर जे केलं असतं ते करा. डॉल्बी नंतर लावा, मीपण थांबतो.

दोन. महापालिकेला मागणी. २०२२ पासून आपण महापालिका झालो, पाट्या बदलल्या. घोरपडे नाट्यगृह महिन्यातनं एक संध्याकाळ कामगारांच्या, वस्तीतल्या पोरांच्या नाटकाला नाममात्र भाड्यात द्या. आणि संहितेत पाण्याचा, कचऱ्याचा, रस्त्याचा उल्लेख आहे म्हणून अर्ज मागं ठेवायचा नाही, हे लेखी द्या.

तीन. कामगार संघटनांना. संपाच्या वेळीच पोरं कशाला आठवतात? गेट मीटिंगला तासभर भाषण होतं, ऐकणारे निम्मे पेंगतात, पाळी करून आलेले असतात बिचारे. त्यातली दहा मिनिटं डफाला द्या. लाल बावट्याचा जुना अनुभव तोच आहे, भाषणानं जे डोक्यात जात नाही ते वगातनं जातं. आणि कारखानदार मित्रांनाही सांगतो, तुमची बाजू आहे. विजेचं बिल, सुताचा भाव, अडकलेलं पेमेंट, खर्चीवाल्याची कोंडी. तीपण नाटकात आणा. कोण नको म्हणतंय? पोरांच्या नाटकात शेट आला म्हणून तो तुम्हीच, असं का समजता?

चार. मला स्वतःला. यंदा ती बातमी जाईल. सहा ओळींची नाही, फोटोसकट. पानावर जागा मिळाली नाही तर इथं जाईल, या भिंतीवर. जाहिरात गेली तर गेली.

शेवटचं. ही पोस्ट लिहायचं कारण परवाचा एक फोन. तोच कांडीवाला पोरगा. नाव देत नाही. म्हणाला, "सर, यंदा परत करायचं म्हणतोय. शेवट बदललाय जरा. परवानगीचं कुणाकडं बघायचं?"

मी सांगितलं अर्ज कुठं द्यायचा ते. मग विचारलं, गेल्या वर्षी तो कामगार मागावर जाऊन उभा राहिला, तिथनं पुढं काय होणार होतं?

तो म्हणाला, "ते फोनवर नाही सांगत. येऊन बघा."

मी जाणार आहे. परवा, संध्याकाळी साडेपाच, त्याच चौकात. परवानगी मिळाली तर नाटक बघू. नाही मिळाली तर आठ-नऊ पोरांच्या शेजारी उभं राहू. येताना घरातली एखादी रिकामी घागर घेऊन या. पाणी आलं नसेलच.

जय लहुजी, जय भीम, लाल सलाम, रामराम, सलाम वालेकुम. तुम्ही जे म्हणत असाल ते. पण या.